केल्याची जाण : मुलांकडून कृतज्ञतेचा सराव वर्गात आणि घरी कसा करून घ्यावा

पाहुणे चॉकलेट देतात. मूल ते मुठीत धरून आईच्या मागे लपतं. "थँक्यू म्हण. म्हण ना. काकांना थँक्यू म्हण बघू." तिसऱ्यांदा सांगितल्यावर मूल जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटतं, मोठी माणसं हसतात आणि विषय संपतो. मुलाला यातून एवढंच समजतं की हातात काही पडलं की तोंडातून एक शब्द काढायचा, मग सुटका होते.

आपल्या बोलीत कृतज्ञतेला नेमका शब्द आहे, 'जाण'. केल्याची जाण असणं, जाण ठेवणं. जाण म्हणजे कळणं. कोणीतरी आपल्यासाठी काही केलं, ठरवून केलं आणि त्यात त्याचा वेळ, कष्ट किंवा पैसा गेला, हे आधी कळावं लागतं. आभाराचे शब्द त्यानंतर येतात, आणि कधीकधी येतही नाहीत. मराठी घरांत एकमेकांना 'धन्यवाद' म्हणायची पद्धत नव्हतीच. आजी म्हणायची "औक्षवंत हो", शेजारीण म्हणायची "बरं झालं बाई, वेळेला धावून आलीस". गोव्यात कोकणीत आजही 'देव बरें करूं' म्हणतात. तेव्हा मूल 'थँक्यू' म्हणत नाही म्हणून ते कृतघ्न ठरत नाही, आणि फाडफाड म्हणतं म्हणून त्याला जाण आहे असंही नाही.

पुढचा सगळा सराव या कळण्याचा आहे. नव्याने वर्ग हाती घेतलेले शिक्षक, बालवाडीच्या ताई आणि साधारण तीन ते चौदा वर्षांच्या मुलांचे पालक यांना तो लगेच सुरू करता येईल.

किती अपेक्षा ठेवावी

थोडी. कृतज्ञतेची वही लिहिली की मुलं आनंदी होतात, मार्क वाढतात, भांडणं थांबतात, असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. अमेरिकेत जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावी-सातवीच्या ११ वर्गांतल्या २२१ मुलांसोबत केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने दोन आठवडे रोज, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. या मुलांचं शाळेबद्दलचं समाधान वाढलेलं दिसलं. नंतर अशा अनेक प्रयोगांचे एकत्र आढावे घेतले गेले, तेव्हा मात्र मुलांवरचा परिणाम बेताचा, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच, असं आढळलं. नुसती यादी करून घेतली तर फार काही हाती लागत नाही.

जास्त उपयोगी ठरला तो फ्रो आणि सहकाऱ्यांचाच २०१४ मधला प्रयोग. त्यात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना यादी करायला लावली नव्हती. कोणी मदत केली की तिच्याकडे कसं बघायचं ते धडे घेऊन शिकवलं होतं. त्या मुलांनी पुढे पालक-शिक्षक संघाला आभाराची कार्डं लिहिली ती इतर मुलांपेक्षा बरीच जास्त. त्या धड्यांचा गाभा तीन प्रश्नांत मावतो, आणि या लेखात काही पाठ करण्यासारखं असेल तर ते हे प्रश्न:

१. हे त्यांनी मुद्दाम केलं, की आपोआप झालं?
२. ते करताना त्यांचं काय गेलं? (झोप, वेळ, पैसे, कष्ट, खेळ)
३. त्यामुळे तुझं काय सोपं झालं?

मुलांना पहिला आणि तिसरा प्रश्न लवकर जमतो. दुसरा अवघड जातो आणि खरं काम तोच करतो. "आईनं डबा दिला" हे वाक्य कोणतंही मूल लिहील. "आईनं डबा दिला, त्यासाठी ती साडेपाचला उठली, रात्री तिचा ताप उतरला नव्हता" इथे मुलाला आई दिसायला लागते.

तीन प्रश्न वर्गात कसे चालवायचे : खिचडीचा तास

सरकारी आणि अनुदानित शाळेत याहून चांगलं उदाहरण नाही, कारण खिचडी सगळ्या मुलांनी खाल्लेली असते. दोन तासिका ठेवा, एक आदल्या दिवशी आणि एक त्या दिवशी जेवणानंतर.

आदल्या दिवशी फळ्यावर गणित मांडा. पोषण आहाराच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असते. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. समजा पहिली ते पाचवीची ९० मुलं जेवतात. तर तांदूळ ९ किलो, डाळ १ किलो ८०० ग्रॅम, भाजी साडेचार किलो. हे सगळं निवडायचं, धुवायचं, चिरायचं आणि शिजवायचं. २६ ते १०० मुलांमागे दोन स्वयंपाकी-मदतनीस असतात, म्हणजे हे काम दोघींचं. आता एका पिशवीत ९ किलो तांदूळ भरून दोघादोघांना उचलून बघायला द्या. इथपर्यंत गणिताचाच तास चालला आहे असं मुलांना वाटतं. वाटू द्या.

मग स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारायचे प्रश्न मुलांकडून काढून घ्या. "तुम्हाला काम आवडतं का?" असले प्रश्न नकोत, कारण त्याला 'हो' याशिवाय उत्तर नसतं. घरून किती वाजता निघता, आल्यावर पहिलं काम कोणतं, सगळ्यात जड काय उचलावं लागतं, कोणत्या दिवशी जास्त त्रास होतो, मुलांचं काय केलेलं आवडत नाही, असे विचारा. शेवटचा प्रश्न अवश्य ठेवा.

ताईंना आधी नीट विचारून घ्या. येणं-न येणं त्यांच्या मर्जीवर, आणि आल्या तर खुर्ची द्या. वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवल्या की माणूस अवघडतो आणि मुलं जाण सोडून समारंभ शिकतात. पंधरा मिनिटं पुरे.

त्या गेल्यावर तीन प्रश्न घ्या. दुसऱ्याला उत्तरं येऊ लागली की (धूर डोळ्यांत जातो, पातेलं उतरवताना चटका बसतो, स्वतःच्या घरचा स्वयंपाक त्याआधी उरकावा लागतो) सगळी फळ्यावर लिहा. मग विचारा, "उद्यापासून आपल्याला काय करता येईल?" मुलं सहसा आधी "आभार मानू" म्हणतात. तिथे थांबू नका. रेटत राहिलं की कामाच्या गोष्टी निघतात: ताट खरवडून मगच धुवायला न्यायचं, रांगेत ढकलाढकली करायची नाही, नको असेल तर आधीच अर्धा डाव मागायचा. यातल्या दोन निवडा आणि महिनाभर पाळा. त्या दोघींचं काम खरोखर हलकं झालं का, हे महिन्यानंतर त्यांनाच विचारा.

या तासात एक घोटाळा होऊ शकतो. दुपारचं जेवण हा मुलांचा हक्क आहे; २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तो लिहिलेला आहे. म्हणून 'तुम्हाला फुकट जेवायला मिळतं, कृतज्ञ राहा' हा सूर कुठेही लागता कामा नये. जाण ठेवायची ती शिजवणाऱ्या हातांच्या कष्टांची. खिचडी कच्ची असेल, खडा लागला असेल, तर ते सांगायचा मुलांना पूर्ण अधिकार आहे. तक्रार आणि जाण एकाच मुलाच्या तोंडी शोभतात, हे मुलांना उघड सांगा.

कोणत्या वयाला काय झेपतं

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज नुकता यायला लागलेला असतो. चार वर्षांच्या आसपास ते जमू लागतं. त्यामुळे 'त्यांचं काय गेलं' हा प्रश्न इथे व्यर्थ आहे. फक्त 'कोणी?' पुरे. स्वेटर कोणी विणला? केस कोणी विंचरले? चप्पल कोणी सरळ करून ठेवली? दिवसातून दोन-तीनदा, खेळासारखं.

सहा ते आठ वर्षांची मुलं परतफेड करायला जातात, पण आपल्या मापाने. फ्रांझिस्का बाउमगार्टेन यांनी १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मुलांना दोन प्रश्न विचारले होते: तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? लहान मुलांची उत्तरं बहुतेक 'मी त्यांना माझं खेळणं देईन' अशी. वय वाढतं तसं समोरच्याला काय हवं असेल याचा विचार येतो. हे दोन प्रश्न तुमच्या वर्गातही विचारा. आजोबांना गोट्या देऊ करणाऱ्या मुलाला हसू नका, ते त्याच्याकडचं सगळ्यात मोलाचं देतंय. "आजोबांना काय आवडतं?" एवढंच विचारा, पुढच्या पायरीला तेवढा हात पुरतो.

नऊ ते अकरा हे तीन प्रश्नांचं वय. बारानंतर मुलांना चारचौघांत बोलायची लाज वाटते. त्यांच्याकडून लिहून घ्यावं, ते दुसऱ्याला दाखवू नये, आणि सक्ती तर नकोच.

वर्गासाठी सहा आठवडे

सामान थोडं लागतं: प्रत्येकी एक ४० पानी वही (मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवलीत तरी चालेल), झाकणाचा एक डबा, चिठ्ठ्यांसाठी कागद, आणि हजेरीपटावरच्या नावांची एक यादी, जी फक्त तुमच्याजवळ राहील (बोलण्यात किंवा वहीत ज्या मुलाचं नाव येईल त्याच्यापुढे तिच्यात खूण करायची).

पहिल्या आठवड्यात मुलांकडून काहीच करून घ्यायचं नाही. रोज परिपाठाच्या शेवटी तुम्ही स्वतः एक वाक्य सांगायचं, नाव आणि कारण यांसह. "काल पाऊस होता तेव्हा एसटीच्या कंडक्टरनी फाट्याऐवजी शाळेच्या कमानीपाशी गाडी थांबवली, माझी हजेरीची वही भिजली नाही." वाक्य खरं हवं. मुलांना खोटं चटकन कळतं. रोज वेगळ्या माणसाबद्दल सांगा, आणि आठवड्यातून एकदा तरी वर्गातल्या मुलाबद्दल.

दुसऱ्या आठवड्यापासून मुलं बोलतील. चाळीसचा पट असेल तर सगळ्यांनी एका दिवशी बोलायचं म्हटलं तर वीस-वीस सेकंदांनीही तेरा-चौदा मिनिटं जातात, आणि दहाव्या मुलानंतर कोणी ऐकत नाही. हजेरी क्रमांकानुसार रोज पाच मुलं घ्या. आठ दिवसांत फेरी पुरी होते. वाक्याचा साचा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: 'अमुक यांनी … केलं, म्हणून माझं … झालं.' ज्याला बोलायचं नाही त्याने "आज नको" म्हणावं, आणि तेवढं पुरेसं मानावं.

तिसऱ्या आठवड्यात वही. आठवड्यातून एकदाच लिहायची, शनिवारच्या सकाळच्या शाळेत दहा मिनिटं. रोज लिहून घेतलं तर जास्त फायदा होईल असं वाटतं, पण सॉन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तो प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवर झाला होता, पण रोजच्या लिहिण्याचा पाढा कसा होतो ते शाळेतही दिसतं. तीन नोंदी पुरे, आणि प्रत्येकीत 'कारण' हा शब्द हवाच. 'आई, बाबा, शाळा, देव' अशी नोंद आली तर खाली लिहा: "यातलं एकच घे. या आठवड्यात नेमकं काय झालं?" लाल शाई वापरू नका, शुद्धलेखन तपासू नका, गुण तर मुळीच देऊ नका. तुमचं एक वाक्याचं उत्तर मात्र हवं. चाळीस वह्या एका दमात होत नाहीत. रोज दहा घ्या.

चौथा आठवडा चिठ्ठ्यांचा, आणि तो चुकवू नका. कारण एव्हाना तुमच्या यादीत एक गोष्ट दिसायला लागली असेल: तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येतात आणि काही मुलांचं नाव एकदाही आलेलं नाही. ही यादी त्यासाठीच ठेवायची. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, प्रत्येकाने एक उचलायची आणि नाव गुप्त ठेवायचं. स्वतःचं आलं तर परत टाकायचं. पाच दिवस त्या मुलाकडे लक्ष ठेवायचं आणि त्याने कोणासाठी काय केलं ते शनिवारी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. "छान आहे, हुशार आहे" चालणार नाही. "बुधवारी पंपावर आधी लहान मुलांना पाणी पिऊ दिलं" असं हवं. वाटण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही वाचा. एखादी टोचणारी निघते, एखाद्याला कोरीच येते. कोरी चिठ्ठी तुम्ही भरायची, म्हणजे त्या आठवड्यात त्या मुलाकडे तुमचंही लक्ष हवं.

पाचव्यात खिचडीचा तास. खासगी शाळेत त्याच जागी व्हॅनवाले काका, शिपाईमामा किंवा मावशी. सहाव्या आठवड्यात पत्र, आणि मग किमान तीन आठवडे सगळं बंद. सुट्टी दिली नाही तर कितीही चांगल्या उपक्रमाचा गृहपाठ होतो.

पत्र

ज्यांचे आभार कोणी मानत नाही असं माणूस मुलाने स्वतः निवडावं. मार्क देणारे शिक्षक नकोत. त्यांना लिहिलेल्या पत्रात अर्धी खुशामत असते. आठ-दहा ओळी खूप झाल्या. लिहायला दोन बैठका, प्रत्येकी पंधरा मिनिटं: पहिलीत तीन प्रश्नांची कच्ची उत्तरं, दुसरीत पक्कं पत्र. तिसरीतलं मूल कोणाचीही मदत न घेता साधारण असं लिहितं:

'प्रिय रिक्षाकाका, मंगळवारी माझी पाण्याची बाटली रिक्षात राहिली. तुम्ही परत शाळेत आलात. तुमची दुसरी ट्रीप लेट झाली असेल. मला दिवसभर पाणी मिळालं. आता मी उतरताना सीट बघतो.'

शेवटचं वाक्य पाहा. 'मी तुमचे उपकार कधीच विसरणार नाही' यापेक्षा ते कितीतरी मोठं आहे. निबंधाच्या वहीतली भाषा येऊ लागली की मुलाला तोंडी सांगायला लावा आणि बोललेलं तसंच लिहून घ्या.

पत्र शक्यतो मुलाने स्वतः वाचून दाखवावं, आणि घेणाऱ्याला आधी कल्पना द्यावी. नाहीतर आपली मोठी माणसं "अरे, त्यात काय एवढं, राहू दे" म्हणून ते उडवून लावतात आणि मूल पत्र हातात घेऊन उभं राहतं. पूर्ण ऐका आणि "वाचून बरं वाटलं" एवढंच म्हणा, असं सांगून ठेवलं की पुरतं.

घरी

घरात वही-डबा काही नको. रात्रीच्या जेवणाची वेळ, टीव्ही बंद, तीन-चार मिनिटं. सुरुवात मोठ्यांनी करायची, आणि ती एकमेकांबद्दल असली तर उत्तम. बाबांनी आईला मुलांदेखत म्हणायचं, "तू सकाळी गॅस सिलिंडरवाल्यासाठी थांबलीस म्हणून तुझी लोकल चुकली." याने मुलाला दहा उपदेशांपेक्षा जास्त कळतं. मात्र आईचं कौतुक करून भांडी घासायची टळत नाहीत. रोज कौतुक आणि रोज तीच ओट्यापाशी, असं असेल तर मूल जाण कशी वापरून घ्यायची तेही शिकतं.

मुलाला विचारायचं असेल तर अमेरिकेत आंद्रेया हसाँग यांनी पालकांसाठी मांडलेला क्रम सोयीचा आहे: काय मिळालं, ते का मिळालं असेल, तेव्हा तुला कसं वाटलं, आता काय करावंसं वाटतं. रोज चारही विचारले तर चौकशी होते. एक किंवा दोन विचारा. "आज काय चांगलं झालं?" याला "काही नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. "आज तुला कोणी जागा दिली, वस्तू दिली, की थांबून वाट पाहिली?" असं नेमकं विचारलं की काहीतरी निघतं.

बोलण्यापेक्षाही घरी जास्त उपयोगी काय, तर काम. ज्याने पोळी लाटली आहे त्याला पोळीची किंमत सांगावी लागत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एखाद्या रविवारी दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल द्या आणि पाणी थोडं थोडं घालत मळायला सांगा. कणीक बोटांना चिकटेल, मग घट्ट होईल, पोळ्यांचे नकाशे होतील, सहा-सात पोळ्यांना तास लागेल. मध्ये पडून सुधारू नका. तव्यापाशी तेवढं मोठ्यांनी उभं राहावं. शेवटी एकच प्रश्न: "आई रोज किती करते?" सहा-सात वर्षांच्यांना मटार सोलणं, लसूण निवडणं, वाळलेले कपडे घडी करणं पुरेल. काम महिन्यातून एकदा बदला, आणि बक्षीस देऊ नका.

वाढदिवसाला भेटवस्तू एकामागून एक ओरबाडल्या की कोणी काय दिलं हे दहा मिनिटांत विसरलं जातं. दिवसाला दोन उघडा आणि प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव लिहा. लांबच्या आत्याला आठवडाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप: काय मिळालं, त्याचं काय केलं, आणि "तू कशी आहेस?" फोन कानाला लावून "बोल, थँक्यू बोल" यापेक्षा हे दोघांनाही बरं वाटतं. सुरुवातीच्या त्या चॉकलेटच्या वेळी मूल गप्प राहिलं, तर मुलाच्या वतीने तुम्हीच बोला: "आवडलंय तिला, लाजतेय. काका मुद्दाम आठवणीनं घेऊन आले हं." मूल ऐकत असतं.

परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत उलटी अडचण येते. शाळेत ती दर वाक्याला आभार मानतात आणि भारतात आल्यावर आजी 'थँक्यू' म्हणत नाही म्हणून गोंधळतात. त्यांना आजीची भाषा उलगडून सांगा: ताटात न विचारता पडलेली दुसरी पोळी, निघताना हातावर ठेवलेलं दही.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं' इथे. जाणेचं ओझं झालं की त्याला आपण उपकार म्हणतो. उपकार फेडावे लागतात, आणि फेडायची असते त्या गोष्टीबद्दल माया वाटत नाही. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधल्या अभ्यासात हेच निघालं: देणाऱ्याची परतीची अपेक्षा जितकी जास्त, तितकी ऋणाची भावना वाढते आणि कृतज्ञता घटते. फी, क्लास, त्याग यांचा हिशेब मुलासमोर मांडायचा असेल तर तो पैशांचं नियोजन म्हणून मांडा, भांडणात मुळीच नको.

दुसरं, "बघ, त्या मुलांना तेवढंही मिळत नाही." यातून येतात कीव आणि अपराधीपणा. वर्गात तर हे वाक्य घातकच, कारण 'ती मुलं' दुसऱ्या बाकावर बसलेली असतात.

तिसरं, आई-बाबा गृहीत धरणं. मराठवाड्यातल्या कित्येक वर्गांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांची मुलं आजीकडे राहत असतात. आश्रमशाळेत मुलं महिनोन्‌महिने घरापासून दूर असतात. कोणाचे वडील नसतात, कोणाला वडिलांची भीती वाटते. 'आज सगळ्यांनी आईबद्दल लिहा' याऐवजी 'तुमच्यासाठी काही केलेल्या कोणाबद्दलही लिहा' एवढा बदल पुरतो. शाळांमधले पाद्यपूजनाचे सामूहिक सोहळे आम्हाला याच कारणाने पटत नाहीत. माईकवरून रडवून घेतलेली जाण संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि ज्याचं कोणी आलेलं नसतं ते मूल मात्र तो दिवस विसरत नाही.

चौथं, दुखावलेल्या मुलाला कृतज्ञतेचा डोस. मारामारीत मार खाऊन आलेल्याला "चांगलं काय झालं ते सांग" विचारू नका. आधी काय झालं ते ऐकून घ्या. आणि जे माणूस मुलाला त्रास देतं त्याची जाण ठेवायला कधीही सांगू नका, मग ते घरातलं असो वा शाळेतलं. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही चालल्याचं वहीतून कळलं तर तो विषय वहीचा राहत नाही. मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या बालहेल्पलाइनवर फोन करा. वह्या गुप्त राहतील असं मुलांना सांगताना हा अपवादही आधीच सांगून ठेवा.

पाचवं, बक्षीस. 'आठवड्याचा कृतज्ञ विद्यार्थी' हा फलक लागला की मुलं प्रसंग रचायला लागतात. चांदण्या, गुण, स्पर्धा, सगळं वर्ज्य.

आणि कंटाळा. तो येणारच, साधारण तिसऱ्या शनिवारी. तेव्हा विषय अरुंद करा: आज फक्त पाणी (नळ कोण सोडतं, टाकी कोण धुतं), फक्त वाट (रस्ता, साकव, कोणी दिलेली लिफ्ट), फक्त ज्याच्याशी आपण बोलत नाही असा वर्गातला कोणी. 'न दिसणारी माणसं' या विषयात सफाई कामगारांबद्दल मुलं भरभरून लिहितात, पण तिथे जपून. शाळेची झाडलोट आणि स्वच्छतागृहं यांची पाळी सगळ्या मुलांवर सारखी येते का, हे आधी तपासा. ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच हाती झाडू जात असेल, तर आधी ती पाळी बदला आणि मगच पत्र लिहून घ्या.

सण आयते मिळतात

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे लोण्या-हळदीने किंवा तुपाने चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैलाला काम नसतं. ज्या जागी भार पडला नेमकी तीच जागा चोळायची, हे मुलांना दाखवा. 'त्यांचं काय गेलं' या दुसऱ्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर सापडायचं नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन निघतात, तिथे हे सहज बोलता येतं. खंडेनवमीला अवजारं पुसून पूजतात, तेव्हा घरातल्या सुताराच्या, शिंप्याच्या, गवंड्याच्या हत्यारांबद्दल मुलांना घरी विचारून यायला सांगा: हे किती वर्षांचं, याने काय काय केलं? वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतील तर पूजा घरी राहू द्या, हत्यारांच्या गोष्टी शाळेत आणा.

जमतंय का, हे कसं ओळखायचं

'थँक्यू' मोजू नका. वही चाळा. पहिल्या शनिवारी आणि दोन-तीन महिन्यांनंतरच्या शनिवारी त्याच मुलाच्या नोंदी शेजारी ठेवा. घराबाहेरच्या माणसांची नावं वाढली का, 'कारण'नंतरचं वाक्य लांबलं का, दुसऱ्याचं काय गेलं हे न विचारता आलं का, एवढं बघा. चाळीसपैकी दहा-बारा जणांत फरक दिसला तर उपक्रम चांगला चाललाय असं समजा. घरी खूण वेगळी असते: मूल दमून आलेल्या माणसाला पाणी आणून देतं, कोणी न सांगता, आणि आणलं म्हणून सांगतही नाही. तेव्हा तुम्हीही गाजावाजा करू नका. पाणी प्या, "बरं वाटलं" म्हणा.

परीक्षेच्या महिन्यात वही बंद ठेवा. वर्ष संपलं की ती मुलालाच परत द्या, शाळेत जमा करून घेऊ नका.